श्रीगोंदा ते संगमनेर, व्हाया पोर्तुगीज भूतकाळ

"गण्या, तू लहानपणी एकदाच जेवलास का रे?"

सायलीनं फोनवर हे विचारलं आणि वर हसली. मी तिला पोर्तुगीजमध्ये माझं बालपण सांगत होतो. तीन महिने मोबाईलवर घासून घासून शिकलेलं पोर्तुगीज. 'मी जेवलो, मी शाळेत गेलो, मी झोपलो.' माझ्या मते झकास चाललं होतं. तिचं म्हणणं, मी बोलतो तेव्हा असं वाटतं की हा माणूस आयुष्यात एकदा जेवला, एकदा झोपला आणि डायरेक्ट मोठा झाला. रोज घडणारी, सवयीची, चालत राहिलेली गोष्ट सांगायला त्यांच्यात वेगळा भूतकाळ असतो, आणि तो मला येत नव्हता.

सायली कोण ते आधी सांगतो. संगमनेरला कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी दुसऱ्या वर्षात सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो तो परत गेलो नाही. ती शिकली, पास झाली, आणि आता तिला पुढच्या शिक्षणासाठी पोर्तुगालला सीट मिळालीय, त्यासाठी भाषाही शिकून बसलीय. मंगळवारी तिचं विमान. आणि मी तिच्यावर मरतो, हे आमच्या तालुक्यात शाळकरी पोरांनाही माहीत आहे, तर तुमच्यापासून काय लपवू.

हसून झाल्यावर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, "तू सगळं अर्ध्यात सोडतोस. कॉलेज सोडलंस, जिम सोडलीस, ते कोंबड्यांचं शेड सोडलंस. रविवारी संगमनेरला ये. पाच मिनिटं पोर्तुगीजमध्ये तुझं लहानपण सांग, नीट. तेवढं एक पुरं करून दाखव, मग आपल्या दोघांचं बोलू."

आपल्या दोघांचं! हा शब्द ऐकल्यावर मी पोर्तुगीजच काय, चिनी पण शिकलो असतो.

शुक्रवार: श्रीगोंदा ते बेलापूर

हॉस्टेलवरच्या एका जुन्या मित्राचं गाव बेलापूर, श्रीरामपूरजवळचं. त्याच्या शेजारी मार्था मावशी राहतात. या मावशी आधी गोव्यात एका घरी कामाला होत्या. त्या घरची म्हातारी मालकीण मुलाकडे लिस्बनला गेली, तेव्हा मावशींना बरोबर घेऊन गेली. म्हातारी जाईपर्यंत मावशी तिची सेवा करत तिथेच राहिल्या. मी फोन केला आणि म्हटलं, मावशी, एक काळ शिकवा, फोनवरच शिकवा. त्या म्हणाल्या, "फोनवर औषधाचं नाव कळतं. भाषा कळत नाही. ये इकडं."

आईला सांगितलं, मित्राकडे चाललोय. आई गाईंना वैरण टाकत होती. "जेवून जा," एवढंच म्हणाली. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ज्यांच्या शेतात पाणी धरायला जातात तिकडे गेले होते.

ज्यांना हाच रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: श्रीगोंदा ते नगर बाईकवर दीड तास धरा. नाव अहिल्यानगर झालंय, पाट्याही बदलल्यात, पण वडापच्या ड्रायव्हरच्या तोंडी अजून "नगर, नगर, नगर"च. जानेवारीत सकाळी निघत असाल तर कानाला मफलर पाहिजेच, मी स्टाईलमध्ये निघालो आणि नगर येईपर्यंत कान आहेत का चाचपत होतो. नगरला मिसळ खाल्ली, तर्री मागितली तर फुकट दिली, माणूस देव होता. नगरच्या पुढे मनमाड रोड. त्या रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, माझा राग तुम्हाला माहीत आहे. ट्रक चुकवत राहुरीला पोचा, तिथून पुढे मुख्य रस्ता सोडून देवळाली प्रवरा मार्गे बेलापूर. या पट्ट्यात दोन्ही बाजूंना नुसता ऊस. पांढरे तुरे वाऱ्यावर हलत होते. फोटो काढायला लोक थांबतात. मी थांबलो नाही. उसाचे फोटो काढणाऱ्यांपैकी मी नाही, का ते पुढे येईलच.

मावशींचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात पेरूचं झाड, दारावर क्रूस, आणि ओट्यावर मावशी स्वतः, मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसलेल्या. सत्तरीच्या पुढच्या, चष्मा दोरीनं बांधलेला. मी पाया पडलो, वही काढली.

"वही ठेव," मावशी म्हणाल्या. "शेंगा घे. हात चालू पाहिजेत, मग तोंड आपोआप चालतं. त्या बाईपाशी मी कधी वही घेऊन बसले नव्हते."

तर ती बाई म्हणजे त्यांची म्हातारी मालकीण. पलंगाला खिळलेली. "दिवसभर बोलायची. काय बोलायची? मी नाचायचे, मी गायचे, आम्ही उन्हाळ्यात समुद्रावर निघायचो, तिथं मासे खायचो. आज काय चाललंय त्यात तिला काडीचा रस नव्हता. म्हणून माझं कसं झालं ठाऊक आहे का पोरा? बाजारात जाऊन कांदे मागायचे म्हटलं तर माझी बोबडी वळायची. पण 'नाचायचे, गायचे' यात मला आजही कोणी हरवू शकत नाही."

आणि मग मटार सोलता सोलता त्यांनी मला तो काळ दिला. तुम्हालाही देतो, मोफत. पोर्तुगीज क्रियापदांची तीन घराणी. काहींच्या शेवटी 'आर', काहींच्या 'एर', काहींच्या 'ईर'. फालार म्हणजे बोलणं, कुमेर म्हणजे खाणं, पार्तीर म्हणजे निघणं. 'आर'वाल्यांचा आर काढायचा, 'आवा' लावायचं: फालावा, म्हणजे मी बोलायचो. 'एर' आणि 'ईर' ही दोन घराणी भूतकाळात एकाच ताटात जेवतात, दोघांना 'ईया': कुमीया, मी खायचो. पार्तीया, मी निघायचो. तू असशील तर शेवटी 'श': फालावश. आम्ही असू तर 'मुश': फालावामुश, कुमीयामुश. ते असतील तर नाकातून: फालावाँव. संपलं. आडमुठी क्रियापदं अगदी चारच आहेत, ती आडमुठ्या माणसांसारखी तोंडपाठच करावी लागतात.

मी म्हटलं, "मावशी, एवढंच? हे तर आपलं बोलायचो-खायचो आहे."

"मग? तुला काय वाटलं, देवानं त्यांना वेगळी जीभ दिली? आपण 'यचो' लावतो, ते 'आवा' लावतात."

खरं सांगतो, छाती फुगली. तीन महिने मी जे परक्या घरचं म्हणून बिचकत होतो ते आमच्या ओट्यावर रोज बोललं जातं. मी लगेच माझं तयार भाषण म्हणून दाखवलं. सायलीसाठी पाठ केलेलं. आम्ही मोठ्या घरात राहायचो. वडील दहा एकर शेती सांभाळायचे. आम्ही बागेतली द्राक्षं खायचो. सुट्टीत गोव्याला निघायचो. सगळे आवा, सगळे ईया, जागच्या जागी.

मावशींनी मान डोलावली. "चांगलं आहे. जेवणानंतर परत सांग."

जेवायला मटारउसळ, बाजरीची भाकरी आणि लिस्बनची म्हणून काहीतरी लसणाची कोशिंबीर होती. तिला मी नमस्कार करून बाजूला ठेवलं.

शनिवार: एक भांडण, एक कोयता

शुक्रवारी जेवणानंतर एकदा आणि शनिवारी सकाळी चहाबरोबर दोनदा मावशींनी माझ्याकडून तेच भाषण म्हणवून घेतलं. चौथ्यांदा म्हणून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"काल द्राक्षं होती. आज डाळिंबं कशी झाली?"

"चुकून झालं मावशी."

"काल घराला माडी होती. आज नाही. काल वडील ट्रॅक्टर चालवायचे, आज बैलगाडी. पोरा, ती म्हातारी एकच गोष्ट रोज सांगायची, आणि शेवटच्या दिवसापर्यंत माशाचा कल्ला इकडचा तिकडं झाला नाही. जे रोज घडलेलं असतं ते बदलत नाही. हा कोण आहे दहा एकरवाला? तू आहेस का दुसरं कोणी?"

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, तुम्हाला व्याकरण विचारलंय, माझा सातबारा नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग व्याकरण झालं. जा." मी बॅग उचलली, गाडीला किक मारली आणि निघालो. अर्ध्यात सोडण्याच्या यादीत आणखी एक.

आता लिहितोच. आमची जमीन नाही. एक गुंठाही नाही. माझे आईवडील ऊसतोड कामगार होते. गाव पाथर्डीकडचं, पाऊस नाही, पाणी नाही. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्यांच्या भागात यायचं, उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, म्हणजे वाळल्या पाल्याची झोपडी, बांधायची, चार-पाच महिने तिच्यात काढायचे आणि पाडव्याच्या आसपास परत. असं किती वर्षं. मग अण्णांना श्रीगोंद्यात शेतावर कायमचं काम मिळालं आणि आम्ही तिकडचे झालो. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सायलीनं विचारलं, "घरी काय करतात?" तेव्हा तोंडातून निघून गेलं, "दहा एकर बागायत." एकदा निघालं ते निघालं. पुढे ते एकर मला विकताही येईनात.

गावाबाहेर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा. दोन ट्रॉल्या, अर्ध्या भरलेल्या. फळी लावून बायामाणसं डोक्यावर मोळ्या घेऊन वर चढत होती. मी हॉर्न वाजवला. परत वाजवला. ड्रायव्हर बिडी ओढत म्हणाला, "भरल्याबिगर हालत न्हाई."

"रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"

"माझ्या बापाचा असता तर मी ट्रॅक्टर कशाला चालवला असता?"

सगळी टोळी हसली. एक बाई, पन्नाशीची, डोक्याला फडकं, हातात कोयता, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, लई घाई हाय का? मग तोडू लागा. लवकर भरंल."

साहेब म्हणाली. मला. ते मला इतकं लागलं की मी गाडी स्टँडला लावली, बूट चिखलात घातले आणि तिच्या हातातला कोयता घेतला. एक ऊस धरला, सपकन मारला. वर टोळीत एकदम शिट्ट्या.

"अरं बाबा, बुडखा कुणासाठी ठिवला? जावयासाठी?"

खाली बघितलं तर जमिनीपासून वीतभर वर तोडला होता. ज्याला ही चूक माहीत आहे त्याला त्यातली लाज कळेल. ऊस जमिनीला घासून तोडायचा, सगळा गोडवा आणि सगळं वजन बुडात असतं. कोपीत वाढलेल्या पोरानं बुडखा ठेवायचा म्हणजे कोळ्याच्या पोरानं पाण्यात गटांगळ्या खायच्या. मी पुन्हा वाकलो. दुसरा जमिनीलगत तोडला, शेंड्याचं वाढं छाटलं, पाला सोलला. हात विसरले नव्हते. पाच, सहा, सात.

बाईचं हसू थांबलं. जवळ आली. "ह्यो धरायचा हात शिकल्याला हाय. कुठला रं तू?"

मी गाव सांगितलं.

"आमच्याच शिवंचा! कुनाचा?"

"शकुंतलाबाईंचा."

"शकूचा? तू गण्या?" तिनं माझं थोबाड दोन्ही हातांत धरलं. हाताला पाचटाचा वास. "अरं मी सुंद्रा. तुला काखंत मारून फिरवलाय मी. ए, इकडं या, ह्यो शकूचा पोरगा! ती एकटी कोयता चालवायची न्हाई का, तिचा!"

मी म्हटलं, "एकटी कधी? आई आणि अण्णा बरोबरच तोडायचे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या कामात माणसं डोक्यानं मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एक तोडतो, दुसरा बांधतो, दोघं वाहतात. जोडीतला एकच असेल तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या यादीत तसंच लिहितात.

सुंद्राबाई बांधाला टेकली. "तुला म्हाईत न्हाई व्हय? तू सहावीत हुता, शाळंसाठी आत्याकडं ठिवला हुता त्या सालची गोष्ट. तुज्या बापाचा पाय फळीवरनं सटाकला, हात मोडला. मुकादम म्हनला, आता शकू अर्धा कोयता. आमाला वाटलं जाती ही गावाकडं. कुटली? सगळ्यांच्या आदी उठायची. दोघांची सरी एकटी धरायची. तोडायची, बांधायची, मोळी डोक्यावर घ्यायची आन् फळीवरनं वर चढायची. बापाला भाकर चारायची, परत फडात यायची. संध्याकाळी मुकादम मोळ्या बघायचा आन् गप बसायचा. यादीत अर्धा, फडात पुरा! आख्खा हंगाम. आन् वर गानी म्हनायची, आमालाच कटाळा यायचा तिच्या गान्याचा."

तोडायची, बांधायची, चढायची, चारायची. मी कोयता हातात धरून उभा होतो. ज्या काळासाठी मी काल मटार सोलत बसलो तो माझ्या समोर उभा राहून बोलत होता, आणि त्यात माझी आई होती. अण्णांचा हात मोडला होता, एवढंच मला घरी कळलं होतं. त्या पाडव्याला ती परत आली तेव्हा मी काय केलं होतं? शाळेचे बूट काळे सांगितले, तपकिरी का आणले म्हणून रुसलो होतो.

ट्रॉली भरेपर्यंत मी थांबलो. मोळ्या वाहिल्या. सुंद्राबाईनं भाकरी-ठेचा दिला, वर उसाचं कांडं. ड्रायव्हर जाताना म्हणाला, "रस्ता झाला मोकळा, जा आता साहेब." मी त्याला शिवी दिली, त्यानं परत दिली, दोघं खुश.

गाडी वळवून थेट मावशींच्या ओट्यावर. त्या मटारच्या जागी आता लसूण सोलत होत्या. माझ्या कपड्यांकडे, हातांवरच्या चऱ्यांकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "हात धू आणि बस." माफी मागायला मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "पोर्तुगीजमध्ये बोल."

मग बोललो. वही नव्हती, पाठ केलेलं काही नव्हतं. मीन्या माँय कुर्तावा काना, माझी आई ऊस तोडायची. दुर्मीयामुश, आम्ही कोपीत झोपायचो. कुमीयामुश, आम्ही भाकरी खायचो. सुबीया, ती फळीवरून चढायची. कांतावा, ती गायची. 'कोयता' शब्दाला पोर्तुगीजमध्ये काय म्हणायचं विचारलं तर मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "हत्याराला शब्द आहे. दोन माणसांच्या एका कोयत्याला नाही. त्यांच्याकडं असं मोजत नाहीत. तू कोयताच म्हण, आणि समजावून सांग."

संध्याकाळी परत सांगायला लावलं. झोपायच्या आधी परत. एक अक्षर बदललं नाही.

रविवार: बेलापूर ते संगमनेर, आणि घर

सकाळी मावशी चर्चला निघाल्या, पांढरी साडी, हातात भजनाची वही. मी देऊ केलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत. "त्या म्हातारीनंतर कोणी बोलायलाच नव्हतं इथं," म्हणाल्या. "परत ये. पण खोटं घेऊन येऊ नको, लगेच आंबतं."

रस्ता: श्रीरामपूर, बाभळेश्वर, लोणी करत संगमनेर. आरामात दोन तास. बाभळेश्वरच्या आसपास रस्त्याकडेला पेरूचे ढीग मिळतात, आतून गुलाबीवाले घ्या, मीठ-मिरची मारून देतात. मी सायलीसाठी किलोभर घेतले आणि लोणी येईपर्यंत घाबरून अर्धे खाल्ले.

संगमनेर बसस्टँडजवळच्या चहाच्या दुकानात ती आली. स्कूटीवरून काढलेला कुकरचा खोका काखेत, हातात यादी, डोळ्यांखाली काळं. विमानात किती किलो चालतं आणि आईनं लोणच्याच्या किती बरण्या भरल्या यावरून घरी युद्ध सुरू होतं म्हणे. दोन स्पेशल चहा सांगितले. तिनं मोबाईलवर पाच मिनिटांचं घड्याळ लावलं. खरंच लावलं.

मी सुरू केलं. दुकानातला पोऱ्या, म्हातारे गिऱ्हाईक, सगळे बघायला लागले. शेजारच्या टेबलावरचे एक काका बायकोला म्हणाले, "केरळचा आहे वाटतं." मी थांबलो नाही. आईवर आलो तेव्हा सायलीचा चहा तसाच राहिला. घड्याळ वाजलं, तिनं ते न बघता बंद केलं. मी अर्ध्या कोयत्याचं सांगितलं, फळीचं सांगितलं, तपकिरी बुटांचं सांगितलं.

संपल्यावर तिनं पोर्तुगीजमध्येच विचारलं, "ई आ तेर्रा?" आणि जमीन?

मी मराठीत आलो. "नाहीये. कधीच नव्हती."

"पहिल्या वर्षापासून मला दहा एकर सांगतोयस."

"हो."

"मी कधी विचारली होती का तुला जमीन?"

"नाही."

"मग मला काय समजत होतास तू?" आवाज चढला तिचा. "ऊसतोडवाल्याचा मुलगा म्हटलं असतं तर मी उठून गेले असते, असं वाटलं ना तुला? म्हणजे हलकट मीच. तुझ्या डोक्यात मी कायम हलकट होते!"

नेहमीसारखा राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी म्हटलं, "चुकलो."

तिनं कुकरच्या खोक्याची चिकटपट्टी सोलून काढली. मग म्हणाली, "पोर्तुगीजमध्ये पास. पाच मिनिटं पुरी केलीस, मान्य. माणूस म्हणून पास की नाही ते मला माहीत नाही. मंगळवारी मी चाललेय. आज जे सांगितलंस त्यातलं काही पुढं खोटं निघालं ना गणेश, तर मला फोन करू नकोस. काही असेल तर आत्ताच सांग."

"काही नाही. सगळं खरं."

उरलेले पेरू तिनं घेतले. मोजून तीन होते.

परतीला मी पुणे रोडनं आळेफाटा, तिथून टाकळी ढोकेश्वर, पारनेर, सुपा, बेलवंडी असा आलो. लांबचा वाटतो, पण रस्ता चांगला आहे आणि पारनेरच्या माळावर पवनचक्क्या दिसतात. मी त्या बघितल्या, एवढंच आठवतं. डोक्यात एकच चाललं होतं: पास की नापास.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई चुलीपुढे होती, अण्णा ओसरीवर. मी जाऊन आईचे हात धरले. तिला वाटलं मी पडलो-बिडलो कुठेतरी. मी म्हटलं, सुंद्राबाई भेटली. सगळं सांगितलं तिनं. यादीत अर्धा, फडात पुरा. तू एकटी कोयता चालवायचीस, आणि मला कधी बोलली नाहीस.

अण्णांनी ओसरीवरून मान फिरवली. आई मात्र हसायला लागली.

"एकटी? सुंद्री असं म्हनली?"

"हो."

"खोटारडी हाय. अरं, एकटीनं व्हतं का ते? तिची सरी झाली की ती माझ्या सरीत यायची. मी तोडायचे, ती बांधायची. रोज. तिचा नवरा शिव्या घालायचा, दमून मरशील म्हनायचा, तरी यायची. मुकादम आला की पळून तिच्या सरीत जायची, कळाय नको म्हनून. हे न्हाई सांगितलं तिनं?"

नाही. हे सांगितलं नव्हतं. फडात माझं थोबाड धरून तिनं माझ्या आईचं सगळं सांगितलं होतं आणि स्वतःला त्यातून अलगद काढून ठेवलं होतं.

मी ओट्यावर येऊन बसलो. म्हणजे सायलीला मी आज सकाळी 'सगळं खरं' म्हणून सांगितलेलं पुन्हा खोटं. मुद्दाम नाही, पण खोटं. गप्प बसलो असतो तर तिला आयुष्यात कळलं नसतं. सुंद्राबाई काय लिस्बनला जाणार होती? आणि सांगितलं तर ती म्हणणार, बघ, संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. मी फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला.

शेवटी व्हॉइस मेसेजचं बटण दाबलं आणि बोललो, पोर्तुगीजमध्येच. माझी आई एकटी नव्हती. माझी आई तोडायची, सुंद्राबाई बांधायची, आमारावा. हे मला आत्ता कळलं. सकाळचं दुरुस्त कर. पाठवून दिलं आणि फोन पालथा ठेवला.

दोन मिनिटांत रिंग वाजली.

"काकू आहेत का तिथं?" सायली.

"आहे."

"फोन त्यांना दे."

"माझं ऐक ना—"

"तुझं ऐकलं मी. त्यांना दे."

आईनं पदराला हात पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरला, आरशासारखा तोंडासमोर. "कोन? हां, बोल पोरी. व्हय, शकूच मी. न्हाई गं, ह्याला काय ठावं, हा तवा शाळंत हुता... सुंद्री व्हय? अगं, तिची लई मजा हुती. थांब, बैजवार सांगते."

आणि माझी आई, जिनं मला इतक्या वर्षांत एक शब्द सांगितला नव्हता, ती त्या पोरीला पाऊण तास सांगत राहिली. पहाटेचं सांगितलं, फळीवर दव पडायचं ते सांगितलं, मुकादमाला कसं फसवायचे ते सांगून दोघी हसल्या. अण्णा उठून चुलीपाशी येऊन बसले आणि मध्ये मध्ये दुरुस्ती करायला लागले. कोणी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. मीही नाही.

आता हा प्रवास करावा का, तर करा. पेट्रोल फार लागत नाही, मफलर न्या, मावशींच्या कोशिंबिरीपासून सावध राहा. काय उरलं विचाराल, तर तळहाताला पाचटाचे चरे होते ते आठवड्यात बुजले. कॉलेजचा फॉर्म आणलाय, बाहेरून परीक्षेला बसायचा, तो भरून टाकलाय आणि यावेळी अण्णांचा धंदा लिहायच्या रकान्यात खोडाखोड केलेली नाही.

सायली पोचली. तिकडे तिच्या वर्गात सगळ्यांनी आपापल्या घरच्या माणसांबद्दल पोर्तुगीजमध्ये बोलायचं होतं. ती माझ्या आईबद्दल आणि सुंद्राबाईबद्दल बोलली. 'कोयता' हा शब्द फळ्यावर लिहून समजावला म्हणे. मला अजून 'हो' मिळालेलं नाही. पण दर रविवारी फोन येतो, आणि मी उचलला की ती पहिलं वाक्य हेच म्हणते, "काकूंना दे." मी देतो, आणि शेजारी ऐकत बसतो.